छोट्या कलादालनाचा संसार

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



पाणीपुरवठा, शाळागृहांची दुरुस्ती आणि घरकुले या विषयांच्या पंक्तीला चित्र आणि गाणे हा विषय बसविलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. संयोजकांनी त्याला जेवणानंतरची वेळ दिली आहे, यावरून त्याचे आजचे स्थान त्यांनी अचूक ओळखले आहे, असे म्हणावे लागते.

माहिती खात्यातील माणसाच्या टेबलावर रोज निमंत्रणपत्रिका येऊन पडतात. त्यांपैकी एका प्रकारच्या पत्रिकेविषयी मी आज बोलणार आहे. ती बहुधा साध्या कागदावर छापलेली असते. तिच्यावर मान्यवरांची नामावळी नसते. तीनच ओळी असतात. अमुक तारखेपासून अमुक चित्रकाराच्या चित्रांचे प्रदर्शन. शनिवारी सायंकाळी गायन. आणि तळाशी बारीक अक्षरांत : मुद्राचित्रे पाहण्यास व विक्रीस ठेवली आहेत. पत्रिका पाठविणारे ठिकाण म्हणजे एखादी खोली, फार तर दोन. चालविणारे दोघे-तिघे. सरकारी अनुदान नाही, कोणा उद्योगसमूहाचा आधार नाही. जे विकले जाईल आणि जे कोणी आपखुशीने देईल त्यावर संसार चालवायचा. अशा ठिकाणाला स्वतंत्र कलादालन म्हणतात. या तीन ओळी एकाच पत्रिकेवर का येतात आणि त्यांतील काय आपल्याला आपल्या तालुक्यात करता येण्याजोगे आहे, एवढाच आजचा विषय आहे.

तो मला तातडीचा वाटतो, त्याला कारण आहे. दरवर्षी आपल्या शाळांतील मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढतात आणि श्रेणी मिळवितात. कलाशिक्षक आपल्या वेळेतला वेळ काढून त्यांची तयारी करून घेतात. यांपैकी किती मुलांनी चित्रकाराच्या हातचे अस्सल चित्र भिंतीवर टांगलेले, चार फुटांवर उभे राहून पाहिले आहे? मी हा प्रश्न जेथे जेथे विचारला तेथे शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. क्रिकेट शिकवायचे, पण सामना कधी दाखवायचा नाही, तशातला हा प्रकार आहे. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जगातले कोणतेही चित्र दिसते, हे खरे. परंतु त्या पडद्यावर भिंतीएवढे चित्र आणि पोस्टाच्या तिकिटाएवढे चित्र सारख्याच आकाराचे दिसते. रंगाचा थर दिसत नाही, कागदाचा पोत दिसत नाही, चित्रकाराने कोठे खोडले आणि कोठे पुन्हा काढले तेही दिसत नाही. शिकणाऱ्याच्या उपयोगाचे असते ते नेमके हेच.

मुंबईतसुद्धा ही सोय फार जुनी नाही. सर जे. जे. कलाशाळा १८५७ ची, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. सोसायटीची वार्षिक प्रदर्शने गाजत, पदके मिळत, वर्तमानपत्रांतून परीक्षणे येत. प्रदर्शन संपले की चित्रे पुन्हा चित्रकाराच्या बिऱ्हाडी जात. वर्षभर केव्हाही जाऊन चित्रे पाहावीत अशी हक्काची जागा शहराला मिळाली ती १९५२ च्या जानेवारीत, जहांगीर कलादालनाच्या रूपाने. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ तिला देणगी दिली. तसे करावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत चित्रकार हेब्बर होते आणि डॉ. होमी भाभाही होते. अणुशास्त्रज्ञाला चित्रांच्या भिंतीची काळजी वाटावी, ही गोष्ट मला नेहमीच लक्षात ठेवण्यासारखी वाटत आली आहे.

जहांगीरचे दालन भाड्याने मिळते. चित्रकाराने अर्ज करावा, पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे, आठवडाभर चित्रे लावावीत आणि मग उतरवून न्यावीत. या व्यवस्थेचे उपकार फार मोठे आहेत. पण आठवडा संपला की दालनाचा आणि त्या चित्रकाराचा संबंध संपतो. पुढे त्याचे काय झाले हे विचारण्याचे काम भाड्याच्या सभागृहाचे नसते. ते काम खासगी, छोट्या दालनाने आपल्या अंगावर घेतले.

केकू गांधी यांचा मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटी करण्याचा. १९४१ साली सुरू झालेल्या या धंद्याचे नाव केमोल्ड. ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांचा तो जोड आहे आणि त्यात कलेचा गंधही नाही. परंतु नुसती रिकामी चौकट दुकानात टांगून ती कशी दिसेल हे गिऱ्हाइकाला कळत नाही, तिच्यात काहीतरी असावे लागते. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्या दुकानात आरा, हुसेन यांच्यासारख्या तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे लागू लागली. गिऱ्हाईक चौकटीसाठी येई आणि चित्रापाशी थांबे. पुढे १९६३ साली केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोल यांनीही आपले दालन उघडले. केमोल्ड त्या जागेत चव्वेचाळीस वर्षे राहिली आणि २००७ मध्ये फोर्ट भागातील मोठ्या जागेत गेली.

अशा दालनाचा हिशेब सरळ असतो. चित्र विकले गेले तर ठरलेला हिस्सा दालनाचा, उरलेला चित्रकाराचा. विकले गेले नाही तर जागेचे भाडे, विजेचे बिल आणि पत्रिकांचा खर्च दालनाच्या गळ्यात. म्हणून दालन चालविणाऱ्याला निवड करावी लागते, आणि एकदा निवड केली की त्या चित्रकाराच्या मागे उभे राहावे लागते. चित्रांची यादी ठेवायची, कोणते चित्र कोणाकडे गेले याची नोंद ठेवायची, परगावी पत्रे लिहायची. मागच्या प्रदर्शनाला आलेल्या माणसाला पुढच्या प्रदर्शनाची आठवण द्यायची. चौकटीचा धंदा पाठीशी असल्याने केमोल्डला हे अनेक वर्षे करता आले. चित्रांचे दालन केवळ चित्रांवर जगत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. जोडीला दुसरे काहीतरी लागतेच.

आता या छोट्या दालनाचा आपल्या ग्रामीण महाराष्ट्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. याचे उत्तर डहाणू तालुक्यात आहे. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याची चाल आहे. भिंत गेरूने वा शेणमातीने सारवायची आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या लेखणीने, पालघाट देवीचा चौक काढायचा. हे काम सुवासिनींचे. लग्न पार पडले की पुढच्या सारवणात चित्र जाई. ते टिकावे, अशी कोणाची अपेक्षाही नसे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराचे लक्ष या भागाकडे गेले. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांपर्यंत कागद घेऊन पोचलेले हेच ते कुलकर्णी. त्यांना गंजाड येथे जिव्या सोमा मशे भेटले. मशे पुरुष असूनही रोज, सणसमारंभाची वाट न पाहता, चित्र काढीत असत. त्यांच्या हाती कागद आणि कापड आले. १९७५ साली गॅलरी केमोल्डमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

जिना चढून वर गेलेल्या मुंबईकराला तेथे काय दिसले असेल, याची कल्पना करून पाहावी. मासे धरण्याचे जाळे, आणि त्या जाळ्याचा एकेक धागा सुटा. मुंग्यांचे वारूळ. तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी माणसांची रांग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो, एवढ्या सामग्रीवर उभे केलेले एक अवघे जग! १९७६ साली मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले. केवळ एका खोलीतल्या प्रदर्शनाने हे घडले असे मी म्हणणार नाही. परंतु त्या खोलीत चित्राखाली चित्रकाराचे नाव लिहिले गेले, आणि नावापुढे किंमत लिहिली गेली. आदिवासी कला म्हणून अनामिक पाट्यांखाली जे संग्रहालयात गेले असते, ते एका माणसाचे काम म्हणून लोकांपुढे आले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वारली चित्रे लोकांना आवडली आणि त्यांची नक्कल सुरू झाली. पिशव्या, चहाचे पेले, हॉटेलांच्या भिंती, आपल्या कचेऱ्यांच्या आवारभिंतीसुद्धा त्याच त्रिकोणी माणसांनी भरून गेल्या. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशन मिळाले, तरीही नक्कल थांबलेली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या शाळेच्या भिंतीवर असे चित्र आहे, त्यांनी ते कोणी काढले आणि त्याला काय दिले, एवढे आठवून पाहावे. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत ही चित्रे काढणारी माणसे आज आहेत. शहरातील रंगाऱ्याकडून भिंत रंगवून घेण्याऐवजी त्यांच्यापैकी एखाद्याला बोलवावे, प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि कोपऱ्यात त्याला सही करू द्यावी. हे खात्याच्या कोणत्याही नियमाविरुद्ध नाही.

नकलेचा विषय निघाला म्हणून पत्रिकेतील तिसऱ्या ओळीकडे, मुद्राचित्रांकडे, वळतो. छापलेले चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिनदर्शिका येते. त्या चित्रांचाही इतिहास आपल्या मातीतला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला आणि त्यातून देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर गेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपरला शिळाछापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि सर्व दगड एकावर एक अचूक बसले पाहिजेत, असे ते काम होते. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. पैशाचे गणित काही जमले नाही, म्हणून रविवर्म्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशर यांना, विकला. राजेरजवाड्यांच्या महालात लागणारी लक्ष्मी आणि सरस्वती शेतकऱ्याच्या ओसरीवर आली ती या छापखान्यामुळे. देव्हाऱ्याच्या वर टांगलेल्या त्या तसबिरींना आपल्या आज्यांनी हळदकुंकू वाहिले आहे.

तथापि कलादालनात जे मुद्राचित्र मिळते ते याहून वेगळे. रविवर्म्यांनी तैलरंगात चित्र काढले आणि छापखान्यातील कारागिरांनी त्याची प्रतिकृती दगडावर उतरविली. म्हणजे आधी एक मूळ चित्र होते आणि बाकीच्या त्याच्या प्रती. मुद्राचित्रात असे वेगळे मूळ चित्र नसतेच. चित्रकार स्वतः लाकूड कोरतो, किंवा लिनोलियमचा तुकडा कोरतो, किंवा तांब्याच्या वा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतो आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडतो. सुईने जेथे मेण खरवडले तेथेच ॲसिड धातूला खाते, रेघ खोल होते, तिच्यात शाई भरते आणि ओलसर कागद यंत्राखाली दाबला की ती शाई कागदावर उठते. शिळाछापात दगड कोरावा लागत नाही. चुनखडीच्या सपाट दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढायचे आणि दगड पाण्याने ओला करायचा. तेल आणि पाणी यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. शाई खडूच्या रेघांवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. आपल्याच देशातील कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसमध्ये या विद्येत मोठी भर घातली. कमीअधिक घट्टपणाच्या शाया एकाच पत्र्यावर घेतल्या तर त्या एकमेकींत मिसळत नाहीत, हे हेरून एकाच दाबात अनेक रंग उठविण्याची रीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. एरवी गृहिणीला घट्ट पिठात पातळ पीठ ओतताना जे दिसते, त्यातून केवढी कला उभी राहिली!

तेव्हा या कागदांपैकी प्रत्येक कागद अस्सल असतो. म्हणून चित्रकार किती प्रती काढणार हे आधी ठरवितो आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने आकडा घालतो. डाव्या कोपऱ्यात ७/२५ असे लिहिलेले असेल तर एकूण पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, असे समजावे. उजव्या कोपऱ्यात सही. पंचवीस पुऱ्या झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात, म्हणजे पुढे कोणी चोरून सव्विसावी काढू नये. यंत्राने छापलेल्या रंगीत भित्तिचित्राखाली असा आकडा नसतो. हल्ली संगणकावरून काढलेल्या प्रतींखालीही आकडा घालून त्या मुद्राचित्र म्हणून विकण्याची युक्ती निघाली आहे. घेणाऱ्याने ‘ठसा कोणत्या पद्धतीने काढला आणि कोणी काढला’, एवढे विचारावे. सांगणारा अडखळला तर पैसे खिशात ठेवावेत.

किमतीचे गणितही पाहण्यासारखे आहे. समजा, एखादा चित्रकार महिनाभर खपून एक चित्र रंगवितो आणि त्याला पंचवीस हजार रुपये मिळावेत अशी त्याची रास्त अपेक्षा आहे. एवढे पैसे देणारा एक माणूस त्याला शोधावा लागेल. तोच महिना त्याने एका पत्र्यावर घालविला आणि पंचवीस प्रती काढल्या, तर कागद-शाईचा खर्च सोडून प्रत्येकी हजार रुपयांत त्याचे भागते. हजार रुपये देणारी पंचवीस माणसे तालुक्याच्या गावात मिळणे अवघड नाही. लग्नाच्या आहेरात आपण याहून अधिक रक्कम घड्याळावर आणि काचेच्या भांड्यांवर घालतो, आणि त्यांतील निम्मी भांडी पुढच्या लग्नात दुसऱ्याला देऊन टाकतो. पंचायतीने सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर जिल्ह्यातील चित्रकाराचे एक मुद्राचित्र दिले, तर स्मृतिचिन्हांच्या दुकानदाराखेरीज कोणाचीच तक्रार राहणार नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. लिनोलियमचा तुकडा, दोन कोरण्या, एक रबरी रूळ आणि छपाईची शाई एवढ्या साहित्यावर शाळेत मुद्राचित्र करता येते. यंत्र नसेल तर कागदाच्या पाठीवर चमच्याचा पृष्ठभाग जोराने घासला तरी ठसा उठतो. कोरताना डावे उजवे होते, अक्षरे उलटी कोरावी लागतात, हे मुलाला पहिल्या ठशातच उमगते. कोरणी मात्र हातापासून दूर चालवायची आणि दुसरा हात तिच्यापुढे ठेवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी घालून द्यावा.

आता उरली मधली ओळ, शनिवारच्या गायनाची. चित्रांच्या दालनात गाणे का? एक कारण व्यवहाराचे आहे. चित्र पाहायला या म्हटले तर आपल्याकडे लोक संकोचतात. चित्रातले आपल्याला काय कळते, तेथे जाऊन बोलायचे काय, असे त्यांना वाटते. गाणे ऐकायला या म्हटले की येतात. आणि गवई तानपुरे जुळवीत असतो तेवढ्या वेळात भिंतीवरची चित्रे पाहून होतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपले राग-संगीत मुळात खोलीतले आहे. पन्नास-साठ माणसे सतरंजीवर बसली आहेत, गवई हाताच्या अंतरावर आहे, एखादी जागा सुरेख घेतली की समोरच्याची दाद त्याच्या कानी पडते, अशा बैठकीत ते वाढले. मोठ्या मंडपात ध्वनिवर्धकातून येणारे गाणे मी कमी लेखत नाही, पण तेथे गायकाला श्रोत्याचा चेहरा दिसत नाही. कलादालनाची खोली या कामासाठी आयती असते. ध्वनिवर्धक लागत नाही. ज्यांना तो लावल्यावाचून कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही, त्यांना आवरण्याचे काम मात्र करावे लागते.

चित्र आणि संगीत एका छपराखाली नांदल्याची उदाहरणे मुंबईत आहेत. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाने चाललेल्या संस्थेत १९५० आणि १९६० च्या दशकांत गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करीत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, आणि १९६२ साली रविशंकरांनी आपली ‘किन्नर’ ही संगीतशाळा तेथेच काढली. चित्रकाराने दार उघडे ठेवले की सतार आत येई. ती वास्तू आज नाही. सर कावसजी जहांगीर सभागृहाची कहाणी याच्या उलट. १९११ सालचे हे सभागृह. तेथे गायनवादनाच्या मैफली झाल्या, जाहीर सभा झाल्या. मग दिवस पालटले आणि मुष्टियुद्धाचे सामने, लग्ने, चामड्याच्या वस्तूंचे विक्रीमेळे असे काहीही तेथे होऊ लागले. शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी आदींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कोठे १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली.

मुंबईची गोष्ट वेगळी, असे आपण म्हणाल. म्हणून सातारा जिल्ह्यातील औंधाकडे वळतो. खटाव तालुक्यातील हे गाव, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. येथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्कारांचे तर प्रचारकच. १९३८ साली त्यांनी श्री भवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्यांची चित्रे तेथे आहेत, आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्पही आहे. मोठमोठ्या शहरांना हेवा वाटावा असा हा संग्रह, एका खेड्यातल्या डोंगरउतारावर! त्याच सुमारास, १९३९ साली, याच राजाने महात्माजींच्या सल्ल्याने आपला राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. बाहत्तर गावांचे ते चिमुकले संस्थान. गावोगाव पाच-पाच जणांच्या निवडलेल्या पंचायती स्थापन झाल्या आणि महसुलाचा मोठा वाटा गावातच खर्च होऊ लागला. पंचायत राज्याचा इतिहास सांगताना आपण औंधाचा प्रयोग सांगतो आणि कलेचा इतिहास सांगताना औंधाचे संग्रहालय सांगतो. दोन्ही एकाच माणसाने एकाच काळात केले, हे सांगायचे राहून जाते.

औंधातच, १९४० साली, अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गजाननबुवा गायक होते आणि व्हायोलिनवादकही. त्यांनी तो वाढविला, त्यांच्या शिष्यपरिवाराने पुढे चालविला. राजा नाही, राजाश्रय नाही, तरी संस्थान विलीन झाल्यावरही गाणे थांबले नाही. शिष्याने गुरूसाठी गायचे आणि श्रोत्याने जमेल तसा प्रवास करून यायचे, एवढाच त्याचा आधार. संग्रहालय शासनाकडे आहे आणि उत्सव शिष्यमंडळींकडे. कलादालनाची तीन ओळींची पत्रिका औंधाने कधी छापली नाही, पण तिच्यातला माल तेथे होता. उत्सवाला जाणाऱ्या शिक्षकांनी मुलांना घेऊन आधी टेकडी चढावी आणि संग्रहालय पाहावे. दोन्ही मिळून एका दिवसाचे काम आहे.

आता आपल्या तालुक्याचे. येथून हाकेच्या अंतरावर बांधलेले सभागृह आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्षातून बक्षीस समारंभ, दोन-तीन मेळावे आणि निवडणुकीच्या वेळी साहित्य ठेवणे एवढा त्याचा उपयोग. महिन्यातून एक शनिवार-रविवार ते चित्रांसाठी उघडता येईल. त्यासाठी नवे बांधकाम नको आणि कृपा करून नवा निधीही मागू नये, कारण निधी आला की त्याच्या विनियोगाची समिती येते, आणि समिती आली की चित्रे मागे राहतात. पावसाळ्याचे चार महिने सोडावेत. कागदावरील चित्राचा खरा वैरी दमट हवा. ज्या भिंतीवर बाहेरून पाऊस मारतो तिच्यावर चित्र टांगू नये, चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किनार ठेवून फट राखावी, नाहीतर कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. ऊन थेट पडेल अशा खिडकीसमोरही टांगू नये, रंग उडतात. भिंतीत खिळे ठोकत बसण्यापेक्षा वर एक लोखंडी कांब आडवी बसवून तारेने चित्रे सोडावीत. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा. मुलांसाठी प्रदर्शन असेल तर ते हातभर खाली घ्यावे.

पहिले प्रदर्शन तालुक्यातील कलाशिक्षकांचेच असावे. मुलांना चित्रकला शिकविणाऱ्यांनी स्वतः काढलेली चित्रे मुलांनी कधी पाहिलेली नसतात. दुसरे मुद्राचित्रांचे, जिल्ह्यातील वा शेजारच्या जिल्ह्यातील कलामहाविद्यालयातून मागवून. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव, माध्यम, साल आणि किंमत लिहावी. किंमत लिहिण्याची लाज बाळगू नये. विकलेल्या चित्रांची वही ठेवावी आणि चित्रकाराचे पैसे त्याच आठवड्यात पोचते करावेत. याबाबत सरकारी बिलांचा आदर्श पुढे ठेवू नये. शनिवारी सायंकाळी जवळपासच्या गावातील एखाद्या गायकाला किंवा भजनी मंडळातील चांगल्या गळ्याच्या माणसाला बोलवावे. पेटीवाला आणि तबलजी यांची बिदागी आधी ठरवावी आणि पाकिटात घालून, नाव लिहून, हातात द्यावी. तिकीट नको, पण दाराशी डबा ठेवावा. चहा हवा. उद्घाटन नको. अगदीच टळत नसेल तर एकाच पाहुण्याने, पाच मिनिटांत, आणि ते भाषण माझ्या खात्यातील माणसाकडे देऊ नये.

एक अडचण सभागृह पाहताना लक्षात आली. दाराचे कुलूप ग्रामपंचायतीचे आहे, विजेचे मीटर पंचायत समितीच्या नावाने आहे आणि सतरंज्या शाळेच्या खोलीत बंद आहेत. तीन किल्ल्या तीन ठिकाणी असल्या तर शनिवारी सायंकाळी तीन माणसे शोधण्यातच तास जाईल आणि गवई ओट्यावर बसून राहील. सरपंच, मुख्याध्यापक आणि विस्तार अधिकारी तिघेही आज येथे उपस्थित आहेत. त्या किल्ल्या कोणा एकाकडे राहाव्यात हे चहाच्या वेळी ठरवावे आणि ते नाव मला कळवावे. पहिल्या पत्रिकेवर संपर्कासाठी तेच घालू.